पिंजऱ्यातली मम्मी

आजार मला झाला होता, पण ही हकीकत निम्मी माझ्या लेकीची आहे, हे आधीच सांगून टाकते.

मला छातीचा टी.बी. झाला. आता मी बरी आहे. गोळ्या संपल्या, गालफडं भरून आली, डॉक्टर मॅडमनी पाठीवर हात ठेवून घरी पाठवलं. ज्यांना नुकतंच कळलंय त्यांना पहिलं हेच सांगते, की हा आजार साफ बरा होतो, फक्त गोळी चुकवू नका. एवढं वाचून थांबलात तरी चालेल. पुढचं सगळं ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांच्यासाठी आहे, आणि ते काही गोड नाही.

खेळ करणाऱ्या बाई

मंचरच्या एका बालवाडीत मी शिकवायचे. घर आमचं कळंबच्या पलीकडं मळ्यात. रोज एसटीनं नाहीतर नवऱ्याच्या पिकअपनं मंचर गाठायचं. शाळेत माझं नावच पडलं होतं, खेळ करणाऱ्या बाई. आया रडकुंडीला येऊन विचारायच्या, "बाई, ह्यो जेवतच नाय, हाणू का?" मी म्हणायची, हाणून काय होतंय? भाताचा डोंगर करा, चमच्याचा जेसीबी करा, बघा डोंगर कसा सपाट होतो. चपला कुठंही फेकतो? दाराशी चपलांचं पार्किंग करा. ओरडायचं नाही, मारायचं नाही, आणि भीती तर अजिबात घालायची नाही. हे मी पालकसभेत हात हलवून हलवून सांगायची, आणि रागावणाऱ्या आयांकडं कीव आल्यासारखी बघायची. स्वतःला लई शहाणी समजायचे.

माझी ईश्वरी, घरात सगळे ईशू म्हणतात, तेव्हा चार वर्षांची होती. माझ्या एका खेळावर ती दूध प्यायची, डोक्यावरून पाणी घेऊ द्यायची, नखं कापून घ्यायची. सासूबाई म्हणायच्या, "काय जादू केलीस गं पोरीवर?" जादू कसली कपाळाची.

"घरात लहान कोण आहे?"

खोकला थंडीत सुरू झाला. शाळेत खडूची धूळ, घरी कांदा साठवायच्या बराकीची धूळ, म्हणून मी मनावर घेतलं नाही. संध्याकाळी अंग कसकसायचं. ब्लाउज सैल व्हायला लागले तेव्हा माझी मोठी जाऊ, सविताताई, म्हणाली, "लई बारीक झालीस, आमाला बी सांग काय खातीस ते." मी पण हसले. मग एका सकाळी दात घासताना थुंकीत लाल रेघ आली. नळ सोडून ती वाहून घालवली आणि तशीच शाळेत गेले. दुसऱ्या दिवशी परत आली, तेव्हा मात्र नवऱ्याला सांगितलं आणि दवाखाना गाठला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम वयानं माझ्याहून लहान होत्या. रिपोर्ट बघून त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि आजाराचं नाव सांगायच्या आधी विचारलं, "घरात लहान कोण आहे?"

मी ईशूचं सांगितलं.

"तिला तपासायला आणा. ती ठीक असली तरी तिला रोज गोळी द्यावी लागेल, आजार लागू नये म्हणून. आणि तुमची थुंकी साफ आल्याचा रिपोर्ट मिळेपर्यंत तिला जवळ घ्यायचं नाही."

"जवळ म्हणजे किती जवळ?"

"मांडीवर नाही, कुशीत नाही, पापे नाहीत. झोपायचं वेगळं, हवेशीर जागेत. तोंडाला मास्क. ताट-वाटी वेगळी करायची काही गरज नाही, भांड्यांनी हा पसरत नाही."

परत येताना नवरा पिकअप बाजूला घेऊन ढसाढसा रडला. मी रडले नाही. मला वेळच नव्हता. चार वर्षांच्या पोरीला आईपासून लांब कसं ठेवायचं, एवढा एकच किडा डोक्यात वळवळत होता.

घरी गेल्या गेल्या सासूबाईंनी माझं ताट, तांब्या, वाटी वेगळी काढली. मॅडम काय म्हणाल्या ते सांगितलं तर म्हणाल्या, "डाक्टरला काय जातंय सांगायला? तिचं घर हाय का हे?" आणि शेजारी कोणी विचारलं तर टायफाइड म्हणायचं, असं ठरलं. माझा आजार काय आहे ते माझ्याखेरीज सगळ्यांनी मिळून ठरवलं.

उंबरा

मला पडवीत जागा मिळाली. आमच्याकडं बिबट्याच्या भीतीनं बहुतेक घरांनी पडवीला लोखंडी जाळी बसवून घेतलीय, तशी आमचीही आहे. वारा चांगला यायचा, उजेड यायचा. मॅडमना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, अगदी योग्य जागा.

ईशूला ती योग्य वाटली नाही. ती जाळीला धरून रडायची. रडून रडून ओकायची. सविताताई तिला उचलून आत न्यायची आणि ती तिच्या खांद्यावरून माझ्याकडं हात करून किंचाळायची. नवऱ्यानं समजावलं, सासूबाईंनी दटावलं, सगळ्यांनी "मम्मीला बाऊ झालाय" म्हणून सांगितलं. चार वर्षांच्या लेकराला बाऊ झालेल्या मम्मीजवळ जाऊ नको म्हणणं म्हणजे काय अक्कल आहे? तिला तर उलट फुंकर घालायची होती.

एका दुपारी गोळ्यांच्या गुंगीत मी झोपले होते. दार कोणीतरी उघडं टाकलेलं. जाग आली ती तिच्या श्वासानं. ईशू माझ्या छातीवर पालथी पडून, नाकाला नाक लावून झोपली होती. माझा मास्क हनुवटीखाली. मी अशी घाबरले, की दोन्ही हातांनी तिला ढकलून दिली. तिचं डोकं उंबऱ्यावर आपटलं. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. कपाळावर टेंगूळ वर येताना मला दिसत होतं आणि मी तिथं हात लावू शकत नव्हते. लांबूनच ओरडले, "ताई, ईशूला उचला."

त्याच दिवशी मी ठरवलं, की आता माझी विद्या वापरायची.

पिंजरा

आमच्या भागात बिबट्या गोष्टीच्या पुस्तकातला नसतो. तो उसात असतो, गोठ्यामागं असतो. त्याच थंडीत शेजारच्या मळ्यात फॉरेस्टवाल्यांनी पिंजरा लावला होता, मागच्या खणात शेळी बांधून. सकाळी बिबट्या सापडला म्हटल्यावर सगळी वस्ती लोटली. ईशू बापाच्या खांद्यावर बसून गेली होती. लोक मोबाईल काढून उभे, कोणी काठी खुपसतंय, तो जाळीवर धडका मारतोय, नाक रक्तानं भरलेलं. फॉरेस्टवाला शिट्टी वाजवून ओरडत होता, लांब व्हा, लांब व्हा. ईशू घरी येऊन दिवसभर तेच सांगत होती.

तर मी खडू घेतला आणि जाळीच्या दोन हात अलीकडं अंगणात रेघ मारली. मग आत गेले, कडी लावली आणि गुडघ्यावर बसून गुरगुरले.

ईशूचे डोळे मोठे झाले. मग ती हसली. टेंगूळ आलेल्या कपाळानं हसली. "मम्मी बिबट्या झाली," असं ओरडत घरभर पळाली.

मी नवऱ्याला सांगून तिला शिट्टी आणायला लावली. ती फॉरेस्टवाली मॅडम. रेघेच्या आत कोणी जायचं नाही, मॅडमनी स्वतःसुद्धा नाही. बिबट्याला खायला घालायच्या आधी मॅडमनी ताकदीची गोळी खायची, नाहीतर बिबट्या ऐकत नाही. ती कडू गोळी, जी चमच्यात कुस्करून, गुळात घालून, नाक दाबून चारली तरी ती थुंकून टाकायची, ती तिनं हात पुढं करून मागून घेतली. आरोग्य खात्याच्या आशाताई गोळ्यांचं तपासायला आल्या तर बघतच राहिल्या. म्हणाल्या, "ताई, ह्ये मी सगळ्या बायांना सांगणार." मलाही अंगावर मूठभर मांस चढलं. आजारी असले म्हणून काय झालं, बाई ती बाईच.

बिबट्या बोलत नसतो

खेळाचे नियम मुलं पुढं स्वतः करतात. हेही मी पालकसभेत कौतुकानं सांगायची.

ईशूचा पहिला नियम, बिबट्या बोलत नसतो. मी म्हटलं, "ईशू, आज शाळेत काय केलं?" तर तिनं कान झाकून घेतले. परत विचारलं तर शिट्टी मारली. तिनं माझ्याकडं बघायला हवं असेल तर मला गुरगुरावंच लागायचं. छातीत जाळ झालेला, गोळ्यांनी सांधे धरलेले, लघवी शेंदरी लाल, पोटात अन्न ठरत नाही, आणि मी रांगत जाऊन जाळीला तोंड लावून गुरगुरतेय, का तर माझ्या पोरीनं दोन मिनिटं तरी माझ्याकडं बघावं. गुरगुरताना खोकल्याची उबळ यायची. ती खुदकन हसायची. तिला वाटायचं मी डरकाळी फोडतेय.

ताट ती काठीनं आत सरकवायची. आधी सविताताई तिला भाकरी जाळीखालून ठेवायला शिकवत होती, पण काठीनं ढकलणं जास्त खरं वाटायचं. एकदा भाजी सांडली माझ्या गादीवर. मी रागावले, तर ती म्हणाली, "गप ए." जशी गर्दीतली माणसं म्हणत होती तशी.

मग वस्तीवरची पोरं यायला लागली. ईशू त्यांना रेघेमागं ओळीत उभी करायची. त्यांच्या घरी बिचारे टायफाइडच समजत होते, नाहीतर त्यांच्या आयांनी पाठवलीच नसती. भुईमुगाची टरफलं जाळीतून आत टाकायची. एक पोरगी म्हणाली, "झोपलाय का मेलाय?" ईशूनं काठी आत घालून माझ्या पायाला टोचलं आणि सांगितलं, "जित्ता हाय, हालतोय बघ."

सासूबाई अंगणात लसूण सोलत होत्या. त्या हसल्या. म्हणाल्या, "खेळू दे की. रडत तर नाय ना पोरगी?"

खरं होतं. ती रडत नव्हती. तिला सविताताईच्या कुशीत झोप लागायची, ती जेवायची, तिचं वजन वाढलं. डॉक्टर मॅडमनी तिला तपासलं तेव्हा छाती साफ होती. मला तेवढंच पाहिजे होतं, आणि ते मला मिळालं होतं. मग मी भिंतीकडं तोंड करून का रडत होते, हे कोणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

गाडी आली

पुढं मला कावीळ झाली. आजाराची नव्हे, गोळ्यांची. काही जणांना होते, घाबरू नका, पण डोळे पिवळे दिसले की लगेच दवाखान्यात जा. मी दोन-चार दिवस अंगावर काढले आणि मग पाणीसुद्धा उलटायला लागलं. नवऱ्यानं पिकअप अंगणात घेतली, मागं गादी टाकली. त्यानं आणि सविताताईनं मला दोन्ही बाजूंनी धरून बाहेर काढलं.

ईशू तुळशीपाशी उभी होती. गाडी बघून तिचा चेहरा असा उजळला, की वाढदिवसालाही मी तसा पाहिला नव्हता.

"गाडी आली," ती ओरडली. "फॉरेस्टची गाडी आली."

आणि तिनं टाळ्या वाजवल्या. शिट्टी फुंकत पिकअपच्या पुढं धावली, पोरांना म्हणाली, लांब व्हा. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पिंजरा कशासाठी लावतात, हे आमच्याकडं तान्ह्या पोराला माहीत असतं. बिबट्या सापडतो, मग गाडी येते, त्याला लांब सोडून येतात, आणि मग पोरं परत अंगणात खेळतात. शेजारचा बिबट्या नेला त्या दिवशी सासूबाईंनी शिरा केला होता. इतके दिवस माझी लेक शहाण्यासारखी रेघेमागं उभी राहत होती ती काही मला बरं वाटावं म्हणून नव्हे. ती गाडीची वाट बघत होती.

तिनं गाडीच्या फळीवर हात आपटून बापाला सांगितलं, "लई लांब सोडा. परत येऊ देऊ नका."

नवरा हसला. मलाही हसू आलं असतं, दुसऱ्याची पोरगी असती तर.

वॉर्ड

वॉर्डात सकाळी फरशी पुसायचे, मग सुई, मग राउंड, मग डाळ-भात. गोळ्या बंद करून एक-एक परत चालू करत होते. कावीळ उतरत होती. शेजारच्या खाटेवर मंचरच्या एका व्यापारी घरातली म्हातारी होती, तीही माझ्यासारखीच मास्कवाली. तिचं खाणंपिणं सगळं सोवळ्यातलं, पण तिनं एका दुपारी काही न विचारता माझे केस सोडले आणि विंचरून वेणी घालून दिली. किती दिवसांनी मला कोणी मायेनं हात लावला होता. मी त्या बाईच्या हाताखाली लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडले. ती म्हणाली, "रडून घे. मी पण रडते, सुना येऊन गेल्या की."

माझी थुंकी साफ आल्याचा रिपोर्ट तिथंच मिळाला. डॉक्टर मॅडम स्वतः सांगायला आल्या. "आता लेकीला घ्या जवळ." मी त्यांना सगळा खेळ सांगितला. त्या आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

तुम्हीही खेळ करणार असाल तर एवढं सांगते. खेळ जरूर करा, त्यानं गोळी पोटात जाते, सुई टोचून होते, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण रोज खेळ संपवा. रोज मूल झोपायच्या आधी लांबूनच सांगा, की आता खेळ संपला, मी मम्मी आहे. मी बालवाडीत प्रत्येक खेळानंतर टाळी वाजवून "संपलं" म्हणायची. घरी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर ती परत रडली असती, आणि तिचं रडणं ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. मला पश्चात्ताप वगैरे नाही. तिला टी.बी. झाला नाही, बस्स. परत तीच वेळ आली तर परत बिबट्या होईन.

"ह्यो दुसरा हाय"

घरी आले त्या दिवशी मी अंगणातली रेघ पायानं पुसली, खाली बसले आणि हात पसरले. "ईशू, खेळ संपला. बघ, मम्मी बरी झाली."

ती सविताताईच्या पदराआड गेली. तिथून म्हणाली, "बिबट्या बोलत नसतो."

"मी बिबट्या नाही, सोन्या. मम्मी आहे."

"मम्मीला गाडीतनं नेली. लांब सोडली. ह्यो दुसरा हाय."

असं तिनं मला नव्हे, सविताताईला सांगितलं. मोठ्या माणसासारखं, समजावून. आमच्याकडं सोडलेला बिबट्या परत आला की लोक फार चिडतात. ईशूही चिडली. मी खोलीत गेले की ती निघून जायची. माझ्या हातचं खायची नाही. तिची वेणी घालायला गेले तर मान अशी ताठ करायची, की फणी चालायची नाही. रडणं नाही, आदळआपट नाही. नुसती लांब व्हायची.

मी सगळे खेळ काढले. एकूण एक. ती बघायचीसुद्धा नाही. आणि तिकडं स्वयंपाकघरातून सविताताईचा आवाज यायचा, "आला आला जेसीबी आला, डोंगर सपाट करायला." माझाच जेसीबी. ईशू खिदळत आ करायची. मी ओट्याच्या अलीकडं उभी राहून भाकरीचं पीठ मळायची.

सविताताईची दोन्ही मुलं पुण्याला शिकायला. मुलगी नाही, आणि तिला हवी होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक. ती वाईट बाई नाही. माझी घाण तिनं काढलीय. पण एकदा मी म्हटलं, ताई, ईशूला आता माझ्याकडं झोपवू, तर ती पदराचं टोक पिळत म्हणाली, "रुळलीया ती माज्याकडं. कशाला वढाताण करतीस? तू अजून कच्ची हायेस." सासूबाई लगेच म्हणाल्या, "आन् परत झालं तर? पोरीच्या जिवाशी खेळ नको."

नवऱ्याकडं बघितलं. तो म्हणाला, "तूच शिकवलंस ना तिला." वाईट बोलायचं म्हणून नाही बोलला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

त्या दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं, की मेले असते तर बरं. मेलेल्या आईची आठवण तरी काढतात लेकरं. जिवंत असून पोरीच्या लेखी मी वनखात्यानं उचलून नेलेली होते, आणि जी परत आली ती कोणी तिसरीच. आजारानं माझं पाऊण शरीर नेलं तेव्हा मी हललेही नव्हते. पण चार वर्षांची पोर माझ्या अंगावरून पलीकडं बघायला लागली, तेव्हा वाटलं आता सुटावं.

कडी

पावसाळ्यात वस्तीवरच्या सगळ्या पोरांना झाला तसा ईशूलाही सर्दी-खोकला झाला. साधा होता, तपासून आणलं होतं. दुपारी जेवायच्या वेळी ती सापडेना. सविताताई विहिरीकडं धावली, नवरा उसाकडं. मी पडवीकडं गेले.

ती जाळीच्या आत होती. आतून कडी लावून, मी जिथं गादी टाकायचे त्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. नाक वाहत होतं. अंगणात, जाळीपासून दोन हातांवर, तिनं विटेच्या तुकड्यानं रेघ मारली होती.

सगळे जमले. सविताताईनं हाका मारल्या, चॉकलेट दाखवलं. नवऱ्यानं मांजराचा आवाज काढला. ईशू बोलली नाही. खोकली, आणि मग दात दाखवून गुरगुरली. मग आमच्या डोक्यांवरून रस्त्याकडं बघायला लागली. गाडी कुठून येते ते तिला माहीत होतं.

सविताताईनं तोंडावर पदर घेतला. सासूबाई मला म्हणाल्या, "काढ की तिला बाहेर. कायतरी खेळ कर. तुझं तर त्यातच डोस्कं चालतंय."

खेळ माझ्या जिभेवर तयार होता. फॉरेस्टवाले आले, म्हणाले हा बिबट्या चांगला आहे, सोडून द्या. एवढं म्हटलं असतं तर ती उठून चालत बाहेर आली असती. हसतसुद्धा आली असती.

मी खेळ केला नाही. रेघ ओलांडली, जाळीतून हात घालून कडी काढली आणि आत गेले. ती भिंतीला चिकटली. मी तिला धरलं. तिनं लाथा मारल्या, माझे केस ओढले, मनगटाला असं कडकडून चावली, की दात उमटून रक्त आलं. मग तिचा आवाज फुटला. "काकू, मला घे. काकू, ह्यो मला खातोय." सविताताई आत धावली, दोन्ही हात पुढं केले. म्हणाली, "दे इकडं, पोर मरंल भीतीनं."

"ताई," मी म्हटलं, "बाहेर जा आणि दार लावून घ्या."

ती गेली नाही. मी परत म्हटलं, या वेळी तिच्या डोळ्यांत बघून. मग गेली. दार लावल्याचा आवाज आला तशी ईशू किंचाळली, उंबऱ्यावर डोकं आपटलं त्या दिवशीचं राहिलेलंसुद्धा. मी तिला मांडीवर घट्ट आवळून बसले. गोड बोलले नाही, गाणं म्हटलं नाही. एवढंच म्हणत होते, मी तुझी मम्मी आहे, आजारी होते, तुला ढकललं ते मीच, रड. ती रडली. तिचा शेंबूड, लाळ, थुंकी सगळं माझ्या गळ्याला लागत होतं. बाहेर कोणीतरी दार वाजवत होतं.

रडून रडून ती दमली आणि तशीच माझ्या मांडीवर झोपली. झोपेत हुंदके येत होते. तिचं डोकं माझ्या दंडावर होतं आणि एक मूठ माझ्या छातीला टेकलेली, मला लांब ढकलण्यासाठी ताठ केलेली. झोपेतसुद्धा ती सैल होईना. मी ती तशीच राहू दिली.